मांडीवरचा आणि डेस्कवरचा

आमच्या घरात कंप्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मला कुणी मत विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी माझ्याजवळ मत नव्हतं. माझ्याजवळ त्या दिवसांत फक्त दुखणारी कंबर होती. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, पोळ्याच्या सुमाराला अर्धांगाचा झटका आला होता आणि डावी बाजू गेली होती. घाटनांदूरच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आणि मागे घर. दुकान हे बघायचे, घर मी बघायची, आणि मामांना उठवणं, वळवणं, पुसणं, भरवणं हेही माझ्याच वाट्याला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नणंदा यायच्या, भावाच्या गळ्यात पडून रडायच्या आणि शेवटच्या एसटीने परत जायच्या. रडणाऱ्या माणसालाही चहा लागतो, तो मीच करायची.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, हाताचं फार काही होईल असं वाटत नाही, पण पाय सुधारेल. फक्त रोज हलवला पाहिजे, गुडघा रोज दुमडला पाहिजे, नाहीतर तो तसाच आखडून बसेल. पेशंटने मनावर घेतलं पाहिजे, असंही म्हणाले. डॉक्टर लोकांना हे वाक्य फार आवडतं. मनावर घेणं पेशंटवर सोपवलं की बाकीचं घरच्या बाईवर आपोआप येतं.

मामांनी मनावर घेतलं नाही. मी तेल घेऊन बसले की ते भिंतीकडे तोंड करायचे. गुडघा जरा वळवला की असे ओरडायचे की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावायचं. मला वाटायचं, हट्टी म्हातारा आहे, झालं. मग एका दुपारी, तेल लावून मी हात पुसत होते, तेव्हा ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "सूनबाई, ह्यो पाय असाच ऱ्हायला तर मला बसवायचं कसं? मोडून?"

आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तसंच बसवून नेतात आणि तसंच बसवून मातीत ठेवतात. हे आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. मामांनी भावकीतल्या एका लुळ्या माणसाला धोतराने करकचून बांधून बसवलेलं पाहिलं होतं, आणि झटका आल्यापासून त्यांच्या डोळ्यांपुढे तेच होतं. मरणाचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपल्याला बांधावं लागेल, याची त्यांना लाज वाटत होती. आणि गंमत अशी, की जितकी भीती जास्त, तितकं ते त्या पायाकडे बघणंच टाळायचे. वळवून पाहिला आणि वळलाच नाही तर काय, असं असावं. मी म्हटलं, मामा, असं काहीतरी बोलू नका, आणि तेलाची वाटी घेऊन उठले. पण नंतर भाकरी थापताना माझे हात थांबले होते, ते आठवतं.

अशात लेकीचं कंप्युटरचं निघालं. ती तेव्हा अकरावीला होती. परळीला मावसभावाकडे सुट्टीत राहून आली ती गाड्या पळवायचा गेम डोक्यात घेऊनच. कंप्युटर अभ्यासाला पाहिजे, असं तिने सांगितलं. आम्ही दुकानदार माणसं, वरचं लेबल वाचून आतला माल ओळखणारी. पण बाजारपेठेत ज्याच्या-त्याच्या घरी कंप्युटर येत होता, मोबाइलची कुपनं आमच्याच दुकानात बिस्किटांच्या पुड्यांशेजारी लटकत होती, तेव्हा नाही म्हणणं ह्यांनाही बरं दिसेना. दिवाळीला घेऊ म्हणाले. मग प्रश्न आला, कोणता.

हे लॅपटॉपच्या बाजूचे. लोडशेडिंगची ती वर्षं होती, दिवसातून दोनदा तरी लाईट जायची आणि कधी येईल हे बोर्डालाही माहीत नसायचं. लॅपटॉप लाईट गेली तरी चालतो. शिवाय वापरून झाला की कपाटात ठेवून कुलूप लावता येतं, हे ह्यांनी बोलून दाखवलं नाही, पण लेक ओळखून होती. तिला डेस्कटॉपच पाहिजे होता. लॅपटॉपवर गेम लावला की तो तव्यासारखा तापतो, स्क्रीन एवढीशी, त्यात गेमसाठी लागणारं वेगळं कार्ड टाकता येत नाही, असं तिचं म्हणणं. हा वाद मामांच्या खोलीत चालायचा, कारण दुपारचे आम्ही सगळे तिथेच बसायचो. शेजारचे कापडवाले, समोरचे सायकलवाले, दूध घालणारा, जो येईल तो आपलं मत देऊन जायचा. ज्यांनी कंप्युटरला कधी हात लावला नव्हता त्यांची मतं सगळ्यात पक्की होती. माझ्या डोक्यात त्या दोन शब्दांनी नुसतं घर केलं होतं.

एक दिवस मामांनी नातीला विचारलं, ह्या दोन्हींत फरक काय. झटका आल्यापासून त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. ती म्हणाली, "आप्पा, लॅप म्हणजे मांडी. लॅपटॉप म्हणजे मांडीवरचा. दुसरा टेबलवरचा, खुर्चीत बसून चालवायचा."

मामांनी तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "म्हंजे मांडी घालूनच बसावं लागतं व्हय त्याला?"

लेकीने तोंड उघडलं. तिला सांगायचं असणार की तसं काही नाही, पलंगावर लोळूनही चालतो. मी तिच्याकडे असं बघितलं की ते तोंड मिटलं. "हो," मी म्हटलं, "मांडी घालूनच."

"मग त्योच आना," मामा म्हणाले.

मामांचं आणि खुर्चीचं जुनं वाकडं होतं. सगळी उमर ते दुकानात गादीवर मांडी घालून बसले, पुढ्यात लिहायचं बुटकं डेस्क, मागे तक्क्या. पाच-सहा वर्षांपूर्वी ह्यांनी गादी काढून काचेचं काउंटर केलं आणि उंच स्टूल आणलं, तेव्हा मामा महिनाभर दुकानात फिरकले नव्हते. स्टुलावर बसलेला माणूस उठायच्या तयारीत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ह्या नव्या जमान्यात एक तरी यंत्र मांडी घालून बसणाऱ्यासाठी निघालंय, हे त्यांना फार पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल घेऊन गेले तर त्यांनी पांघरूण आधीच बाजूला केलं होतं. मी नेहमीसारखी वाटी घेऊन टेकले. बोललं की बिघडतं, एवढं मला त्या घरात कळलं होतं. आधी पूजा व्हायची. गळ्यातलं इष्टलिंग पूजेला डाव्या तळहातावर घ्यायचं असतं आणि त्यांचा डावा तळहात काही धरत नव्हता, म्हणून मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरून बसायची. मग तेल, मग गुडघा. आधी थोडासा वळायचा आणि अडायचा. ते दात खायचे, शिव्या द्यायचे, कुणाला देतायत ते कळायचं नाही, पण पाय ओढून घेत नव्हते. माझी कंबर संध्याकाळपर्यंत मोडून यायची. रोज तेच, रोज तेवढंच. कधी वाटायचं, आपण दगड चेपतोय. पण दसऱ्यापर्यंत तो गुडघा उशीवर अर्धा दुमडून राहायला लागला, आणि मामा गिऱ्हाइकांना आत बोलावून सांगायला लागले, की आमच्याकडं मांडीवरचा कंप्युटर येतोय.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही तिघं अंबाजोगाईला गेलो. मला मामांची औषधं घ्यायची होती, म्हणून मी. कंप्युटरच्या दुकानात गारेगार हवा होती आणि एक तरुण मुलगा लेकीशी माझ्या डोक्यावरून बोलत होता. गेमसाठी म्हणाल तर डेस्कटॉपच, त्याने सांगितलं. तापत नाही, कार्ड टाकता येतं, काही बिघडलं तर तेवढाच भाग इथे बदलून मिळतो. लॅपटॉप बिघडला की पुण्याला पाठवा आणि वाट बघत बसा. पुण्याचं नाव निघालं आणि ह्यांचं मन फिरलं. मी म्हटलं, पण मामांना मांडीवरचा सांगितलाय. तो मुलगा हसला. म्हणाला, काकू, गेम खेळताना लॅपटॉप मांडीवर कुणीच ठेवत नाही, भाजतं. ते नुसतं नाव आहे.

नुसतं नाव. एवढे दिवस त्या नावावर मी एक पाय दुमडत आणला होता. मला तिथे उभं राहून वाद घालायचा कंटाळा आला. खरंच सांगते, रागही आला नाही, फक्त कुठेतरी टेकावंसं वाटलं. मी फिरत्या खुर्चीवर बसले आणि ह्यांनी डेस्कटॉप ठरवला.

तो जीपमधून आला. डब्यासारखी मोठी स्क्रीन, तिच्यासोबतचा खालचा डबा, लाईट गेली की थोडा वेळ तग धरणारा एक यूपीएस, आणि सोबत लोखंडी पायांचं टेबल आणि चाकांची खुर्ची. सगळं मामांच्याच खोलीत मांडलं, कारण घरातली मोठी खोली तीच. मामा पलंगावरून बघत होते. खुर्ची आत आली तेव्हा त्यांनी मान वळवली. "ह्यो खुर्चीवरला हाय," एवढंच म्हणाले. "माझ्या कामाचा न्हाई."

त्या दिवसापासून पाय बंद. तेल घेऊन गेलं की भिंत. गुडघा पुन्हा आखडायला लागला, ते माझ्या हाताला कळत होतं. मी सगळ्यांवर चिडले. ह्यांच्यावर चिडले, पुण्याच्या नावावर चिडले, मामांवर तर फारच. एका खुर्चीपायी हा माणूस स्वतःला बांधून घ्यायला निघाला होता. मी ह्यांना म्हटलं, तो परत करा. हे म्हणाले, उघडलेला माल कोण परत घेतो, आपण घेतो का. लेकीनेही कंप्युटर लावला नाही. आप्पा तोंड फिरवून पडलेले असताना तिला तिथे बसवेना. ज्याच्यासाठी एवढा वाद झाला त्या यंत्रावर मी रोज फडकं मारत होते.

एका दुपारी फडकं मारता मारता मी लेकीला तिरसटून विचारलं, लॅपटॉप म्हणजे मांडीवरचा, तर ह्या तुझ्या डेस्कटॉपचा अर्थ तरी काय?

"डेस्कवरचा," ती म्हणाली.

"मग डेस्कवर का नाही ठेवला?"

"आई, डेस्क म्हणजे टेबलच."

"डेस्क म्हणजे टेबल नाही," मी म्हटलं. "डेस्क म्हणजे डेस्क."

आमच्या घरात डेस्क एकच होतं. मामांचं, दुकानातलं, बुटकं, उतरत्या झाकणाचं. काउंटर आलं तेव्हा ते माळ्यावर गेलं होतं. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्या घरात माझ्यानंतर कुणालातरी काहीतरी न सांगता कळलं. आम्ही दोघींनी ते खाली काढलं. धुळीने माखलं होतं, एका कडेला उंदरांनी कुरतडलं होतं. मामांना भावकीतल्या एका पोराने ओसरीवर उन्हात नेऊन बसवलं होतं तेवढ्यात आम्ही टेबल बाहेर काढलं. तेलाच्या रिकाम्या डब्यांवर फळी टाकून तिच्यावर स्क्रीन ठेवली. पुढ्यात डेस्क. त्याच्या खालच्या कडेला पेन घरंगळू नये म्हणून पट्टी होती, तिला कीबोर्ड बरोबर अडला. खाली गादी घातली, मागे तक्क्या.

मामांना आत आणलं. दारातच त्यांनी जरा थांबायला लावलं. मग जवळ नेल्यावर उजवा हात लांब करून डेस्काच्या कडेवरून फिरवला.

"ह्यो डेक्स कुठं होता?"

माळ्यावर, मी म्हटलं. आणि सांगितलं, की हा कंप्युटर डेस्कवरचाच आहे, नावच तसं आहे, पोरीला विचारा. दुकानवाल्याने चुकून टेबल पाठवलं.

"मग खुर्ची कावून धाडली?"

"चुकूनच."

मामा दुकानदार होते. पाठवलेला माल चुकीचा असतो, हे त्यांना मान्य व्हायला वेळ लागला नाही.

त्यांना गादीवर उतरवलं. उजवी मांडी पडली. डावा पाय सरळ राहिला आणि डेस्काला आडवा आला. ते डेस्क असं केलेलं होतं की त्याच्यापुढे पाय पसरून बसताच येत नाही, कारण ज्याने केलं त्याच्या डोक्यात तसं बसणारा माणूसच नव्हता. मामांनी पायाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "वळव."

पुढचे महिने असेच गेले. सकाळी तेल, दुपारी गेम. पाय आधी उशीच्या आधाराने राहायचा, मग घडी केलेल्या चादरीच्या, मग नुसता. मामा एका हाताने गाडी चालवायचे. जिंकायचं वगैरे त्यांच्या मनातच नव्हतं. मागून दुसरी गाडी आली की ते बाजूला घेऊन थांबायचे, जाऊ दे त्याला, घाईत दिसतोय म्हणायचे. लेक डोक्याला हात लावायची. कधी ते रस्ता सोडून गाडी कुठल्यातरी परदेशी घरांच्या मागे न्यायचे, मागं काय हाय ते बघू म्हणून, आणि तिथे भिंतीला धडकून बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, ह्या गावाचा बाजार कोणत्या वारी असतो. लेक म्हणाली, आप्पा, हे गाव खोटं आहे. खोटं असलं तरी बाजार लागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि हे सगळं रंगात आलं की लाईट जायची. यूपीएस टूं टूं ओरडायचा, लेक घाईघाईने बंद करायची, मामा बोर्डाच्या सात पिढ्या काढायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मला त्या गेममध्ये काही रस नव्हता. ते दोघं तिथे अडकलेले असले की मला तेवढा वेळ पाठ टेकता यायची, मला तेवढंच पुरे होतं.

उन्हाळ्यात एक दिवस मी तेलाची वाटी घेऊन गेले तर मामा आधीच गादीवर होते. स्वतः पलंगाला धरून उतरले होते. डावा पाय त्यांनी उजव्या हाताने ओढून आत घेतला होता आणि मांडी पडली होती, पूर्ण, दोन्ही गुडघे खाली. लेक शेजारी बसून हसत होती. मी दारातच उभी राहिले. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "जमलं, सूनबाई. आता कवाबी चालतंय."

मला काय वाटलं ते सांगते. मला राग आला. इतका, की वाटी तिथेच आदळून मी मागच्या अंगणात निघून गेले आणि धुणं नसताना नळ सोडून बसले. मी इतके महिने माझी कंबर घालवली ती ह्या माणसाने उठून चालावं म्हणून, असं मला वाटत होतं. आणि तो तयारी करत होता बसायची. त्याने ते केव्हाच सांगितलं होतं, मीच ते ऐकून बाजूला ठेवलं होतं. मागून लेक आली आणि नळ बंद करून म्हणाली, आप्पा तुला बोलवतायत, कार चालवून बघ म्हणतायत. मी म्हटलं, मला नाही जमत. पण गेले. गेले आणि मामांच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि पहिल्याच वळणावर गाडी झाडावर घातली. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ते त्यानंतरच्या दिवाळीला नव्हते. झोपेतच गेले, पहाटे. भावकी जमली, नणंदा आल्या, स्वामी आले. अंघोळ घालून झाली आणि खोलीत पुरुषमाणसं जरा घुटमळली. मला कळलं कशासाठी ते. भावकीतले थोरले माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पाय वळंल का? का धोतर आणाया सांगू?"

"वळतो," मी म्हटलं. "मी वळवते, रोज मीच वळवत होते."

बाईमाणसाने पुढे व्हावं का, असं कुणाच्या तरी चेहऱ्यावर आलं, पण कुणी अडवलं नाही. मी आधी उजवा पाय घेतला. मग डावा, टाचेला धरून, गुडघ्याखाली हात घालून, जसा रोज. तो आला. कुठेही अडला नाही. भिंतीला टेकवून बसवलं तेव्हा मामा दुकानातल्या गादीवर बसायचे तसे दिसत होते, आणि माझ्या लेकीने भिंतीपासचं डेस्क आपणहून बाजूला ओढून घेतलं.

लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं होतं. बोटं धरत नव्हती. ती कधीच धरत नव्हती, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझा हात खाली धरला. माणसं येत होती, पाया पडत होती, फुलं वाहत होती. मी हात काढला नाही. मला कुणी काढ असं म्हटलंही नाही. बाहेर सगळी तयारी झाली आणि थोरले म्हणाले, आता उठा, बाई.

मला उठता येईना. इतका वेळ मांडी घालून बसल्याने माझ्याच दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. लेकीने येऊन मला काखेत हात घालून उचललं, अगदी मी मामांना उचलायची तसं, आणि पाय जमिनीला लागेपर्यंत धरून ठेवलं.